न गेलेला माणूस : धीरेंद्रनाथ दत्त

सीमाभागातल्या मराठी माणसाला गेली कित्येक वर्षे एक टोमणा ऐकावा लागतो. तुमची भाषा एवढी प्यारी असेल तर जा की तुमच्या राज्यात, इथे कशाला राहता? बसस्टँडवर, तहसील कचेरीत, कधी शाळेच्या दारात हा टोमणा कानावर पडला नाही असा माणूस निपाणी-खानापुरापासून भालकीपर्यंत शोधून सापडणार नाही. आपली बाजू मांडताना आपण नकाशे दाखवतो, जनगणनेचे आकडे सांगतो, ८६५ गावांची यादी पुढे करतो. पण या टोमण्याचे खरे उत्तर नकाशात नसते. ते माणूस कुठे आणि का राहतो, यात असते.

२१ फेब्रुवारीला जगभर मातृभाषा दिन पाळला जातो. १९५२ साली या दिवशी ढाक्यात बंगाली भाषेसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या, एवढे आपल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या गोळीबाराच्या चार वर्षे आधी कराचीच्या सभागृहात उभे राहून हा प्रश्न पहिल्यांदा कोणी मांडला, हे फारसे सांगितले जात नाही. ते होते कोमिल्ला गावचे एक वयस्क वकील, धीरेंद्रनाथ दत्त. नवा देश झाला तेव्हा त्यांच्या ओळखीतली, नात्यातली, व्यवसायातली माणसे गाठोडी बांधून सरहद्द ओलांडत होती. धीरेंद्रबाबू गेले नाहीत. त्यांच्या त्या न जाण्यातूनच पुढचे सगळे घडले. म्हणून त्यांचे चरित्र आपण सीमाभागातल्या माणसांनी मुद्दाम वाचावे असे आहे.

शेरिस्तेदाराचा मुलगा

धीरेंद्रनाथांचा जन्म २ नोव्हेंबर १८८६ रोजी ब्राह्मणबाडियाजवळच्या रामराइल या खेड्यात झाला. तेव्हा हा मुलूख टिपेरा जिल्ह्यात मोडत असे. वडील जगबंधू दत्त मुन्सफ कोर्टात शेरिस्तेदार होते. म्हणजे घर कागदपत्रांचे, पण श्रीमंतीचे नव्हे. कोर्टाच्या आवारात कुळे, सावकार, वकील यांची जी रोजची झटापट चाले, ती या मुलाने लहानपणापासून पाहिली. गरीब माणूस कागदापुढे किती हतबल होतो, हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळवावे लागले नाही.

नबीनगरच्या शाळेत आणि कोमिल्ल्याच्या कॉलेजात शिकून ते कलकत्त्याला रिपन कॉलेजात गेले. १९०५ साली लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली आणि सारा प्रांत पेटून उठला. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या प्रभावाखाली आलेल्या त्या पिढीत धीरेंद्रनाथही होते. बंगाली बोलणाऱ्यांचा प्रांत धर्माच्या रेषेवर तोडू नये, हा धडा त्यांनी विशीच्या आतच घेतला. ती फाळणी १९११ साली रद्द झाली. याच माणसाला साठी ओलांडल्यावर तीच रेषा पुन्हा ओढलेली पाहावी लागली, हा इतिहासाचा क्रूरपणाच म्हटला पाहिजे.

१९१० साली कायद्याची पदवी घेतल्यावर सुमारे वर्षभर त्यांनी एका गावच्या हायस्कुलात मास्तरकी केली आणि १९११ पासून कोमिल्ल्यात वकिली सुरू केली. वकिली बरी चालली. पण पुरात गावे बुडाली की हे वकीलसाहेब काळा कोट काढून मदतकार्यात उतरत. गांधीजींच्या विचारांनी भारावून त्यांनी मुक्ती संघ नावाची सेवासंस्था काढली. कोमिल्ल्याच्या अभय आश्रमाच्या कामाशीही त्यांचा जवळचा संबंध होता. चित्तरंजन दासांच्या हाकेला ओ देऊन असहकाराच्या काळात त्यांनी काही काळ वकिलीही थांबवली. १९३७ मध्ये ते बंगालच्या विधिमंडळावर निवडून गेले. तिथे त्यांचे लक्ष होते ते कुळकायद्यातील दुरुस्ती, शेतकऱ्यांचे कर्जनिवारण आणि सावकारी नियंत्रणाचा कायदा यांवर. पूर्व बंगालातली बहुसंख्य कुळे मुसलमान होती आणि बरेचसे जमीनदार व सावकार हिंदू. एका हिंदू वकिलाने कुळांच्या बाजूने उभे राहणे, याचा अर्थ त्या काळात सर्वांना नीट कळत होता. १९४२ च्या चलेजाव आंदोलनात ते तुरुंगात गेले. १९४३ च्या भीषण दुष्काळात ते पुन्हा मदतकार्यात दिसले.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की १९४७ साली जेव्हा राहायचे की जायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांच्या मागे ३६ वर्षांचे काम एकाच गावात उभे होते.

राहायचे की जायचे?

१९४६ च्या ऑक्टोबरात नोआखालीत दंगे उसळले आणि शेजारच्या टिपेरा जिल्ह्यातही पसरले. म्हणजे धीरेंद्रबाबूंच्या स्वतःच्या जिल्ह्यात. गांधीजी अनवाणी गावोगाव हिंडले ते याच पट्ट्यात. त्यानंतर वर्षभरातच फाळणी झाली. हिंदू कुटुंबांना काय वाटत असेल याची कल्पना आपण करू शकतो. ज्याचे कलकत्त्याला कोणी होते तो आधी गेला. ज्याच्याकडे शिक्षण व नोकरी होती तो पाठोपाठ गेला. डॉक्टर गेले, मास्तर गेले, वकील गेले. मागे राहिले ते बहुतांशी कोळी, नांगरधारी, लहान कारागीर, ज्यांना जायला कुठे जागाच नव्हती. आजच्या बांगलादेशाच्या भूभागात १९४१ साली सुमारे २८ टक्के हिंदू होते. १९५१ च्या जनगणनेत ते सुमारे २२ टक्क्यांवर आले. या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात लाखो घरांची कुलुपे आहेत.

गेलेल्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ढाक्याकडचे प्रफुल्लचंद्र घोष, जे अभय आश्रमाच्या संस्थापकांपैकी एक, ते पश्चिम बंगालचे पहिले मुख्यमंत्री झाले. भीतीने गेलेल्या माणसाची भीती खोटी नव्हती. १९५० च्या दंगलींनी ते दाखवून दिले आणि त्या वर्षी ८ एप्रिलला नेहरू-लियाकत करार करण्याची पाळी दोन्ही सरकारांवर आली.

उलट दिशेचेही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. जोगेंद्रनाथ मंडल हे पूर्व बंगालातील दलित समाजाचे पुढारी. नव्या राष्ट्रात आपल्या समाजाला न्याय मिळेल या भरवशावर ते पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले. ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरली. ते देशाचे पहिले कायदेमंत्री झाले. आणि अवघ्या तीन वर्षांत, १९५० च्या ऑक्टोबरात, कलकत्त्याला येऊन त्यांनी राजीनामा दिला. त्यांचा पाकिस्तानवर आधी मोठा विश्वास होता आणि तो मोडला. धीरेंद्रबाबूंचे तसे नव्हते. धर्माच्या पायावर देश तोडण्याला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. पण देश झाल्यावर मात्र त्यांनी ठरवले की हे माझे गाव आहे, हे माझे लोक आहेत, तेव्हा हा देशही माझाच आहे आणि इथला नागरिक म्हणूनच मी बोलणार. ज्याने स्वप्न पाहिले होते तो परत आला आणि ज्याने विरोध केला होता तो शेवटपर्यंत राहिला. राहणे हे नेहमी प्रेमापोटी किंवा भाबडेपणापोटीच असते असे नाही, हे यातून कळते.

कोमिल्ला हे गाव त्रिपुराच्या हद्दीपासून अगदी काही मैलांवर आहे. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत पलीकडे पोचेल. म्हणजे जाण्याची वाट त्यांना रोज दिसत होती. आपल्या सीमेवरच्या गावांना हे वेगळे सांगायला नको.

मनीऑर्डरचा कागद

२५ फेब्रुवारी १९४८. कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची बैठक चालू होती. कामकाजाच्या नियमांत एक कलम होते की सभासदांनी इंग्रजीत किंवा उर्दूत बोलावे. धीरेंद्रबाबू उठले आणि त्यांनी एक साधी दुरुस्ती सुचवली. या दोन भाषांबरोबर बंगालीलाही जागा द्यावी, एवढीच.

त्यांची मांडणी आजही वकिली मांडणीचा नमुना म्हणून अभ्यासण्यासारखी आहे. त्यांनी भावनेला हात घातला नाही, आकडा ठेवला. पाकिस्तानची लोकसंख्या ६ कोटी ९० लाख. त्यांतले ४ कोटी ४० लाख बंगाली बोलतात. ज्या देशात निम्म्याहून जास्त लोक एक भाषा बोलतात, तिथे ती भाषा केवळ प्रांताची कशी राहील? ती राज्याची भाषा असली पाहिजे.

नंतर ते सभागृहातून थेट खेड्यात गेले. पोस्टात मनीऑर्डरचा छापील कागद मिळतो तो इंग्रजीत आणि उर्दूत. पूर्व बंगालातल्या शेतकऱ्याचा मुलगा ढाक्याला शिकतो आहे, बापाला त्याला पैसे पाठवायचे आहेत, पण कागद वाचता येत नाही, मग तो कोणाचे पाय धरणार? जमीन विकायची तर मुद्रांकाचा कागद घ्यायला जावे लागते. त्यावरची अक्षरे वाचता आली नाहीत तर मोजलेल्या पैशांचा पुरता कागद आपल्याला मिळाला की नाही, हे त्या शेतकऱ्याला कसे कळावे?

शेरिस्तेदाराच्या मुलाने कोर्टाच्या आवारात जे पाहिले होते, ते चाळीस वर्षांनी असे सभागृहात बोलून दाखवले. सीमाभागातल्या ज्या शेतकऱ्याने आपल्याच जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेतला आहे, ज्या म्हातारीने ग्रामपंचायतीची नोटीस हातात धरून शेजारच्या पोराला हाक मारली आहे, त्यांना धीरेंद्रबाबूंचा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. भाषेचा प्रश्न हा कवींचा प्रश्न होण्याआधी पोस्टाचा, तलाठ्याचा आणि दवाखान्याच्या चिठ्ठीचा प्रश्न असतो, हे त्यांनी त्या दिवशी दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. उर्दू काढून टाका असे ते एका शब्दानेही बोलले नाहीत. कुणाच्या भाषेची जागा हिसकावून घ्यायची नव्हती, आपल्या भाषेसाठी शेजारी एक जागा हवी होती.

सभागृहाने काय केले? पंतप्रधान लियाकत अली खान संतापले. पाकिस्तान हे मुसलमानांचे राष्ट्र असून मुसलमानांची भाषा उर्दू आहे, ही दुरुस्ती म्हणजे फूट पाडण्याचा डाव आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पूर्व बंगालचे मुख्यमंत्री ख्वाजा नझिमुद्दिन यांनी तर आपल्या प्रांतातील बहुसंख्य लोकांना उर्दूच हवी आहे असे सांगून टाकले. प्रेमहरी बर्मा, भूपेंद्रकुमार दत्त, श्रीशचंद्र चट्टोपाध्याय हे काँग्रेसचे सभासद धीरेंद्रबाबूंच्या बाजूने उभे राहिले. पूर्व बंगालचे मुस्लिम लीगचे सभासद, ज्यांच्या स्वतःच्या घरात बंगालीच बोलली जाई, ते पक्षाच्या शिस्तीत बसून राहिले. दुरुस्ती आवाजी मताने फेटाळली गेली.

एका हिंदू सभासदाने मांडलेली म्हणून ही मागणी हिंदूंची, म्हणून ती शत्रूची, असा शिक्का मारायला सरकारला क्षणाचाही वेळ लागला नाही. भाषेचा हक्क मागणाऱ्याला आधी परका ठरवायचे आणि मग त्याची मागणी ऐकायचीच नाही, ही युक्ती फार जुनी आहे आणि ती एकाच देशाची मक्तेदारी नाही.

विमानतळावरची मुले

यानंतरची एक हकिकत बंगालात आवडीने सांगितली जाते. कराचीहून धीरेंद्रबाबू ढाक्याला परतले तेव्हा तेजगाव विमानतळावर काही तरुण अंगावर चादरी लपेटून उभे दिसले. सभागृहात जे घडले त्यानंतर हे आपल्याला मारायलाच आले असावेत, असे त्यांना वाटले. ते तसेच पुढे चालत गेले. जवळ जाताच त्या मुलांनी चादरीखालून फुले काढली आणि त्यांच्यावर उधळली. ती मुले ढाका विद्यापीठातली होती आणि त्यांत मुसलमान मुले होती.

सांगण्यात तिखटमीठ लागले असेल, पण तिचा आशय खरा आहे, हे पुढच्या घडामोडींनी सिद्ध केले. २६ फेब्रुवारीलाच ढाक्यात विद्यार्थ्यांनी वर्गावर बहिष्कार टाकला होता. २ मार्चला संग्राम परिषद उभी राहिली आणि ११ मार्च १९४८ रोजी पूर्व बंगालात भाषेसाठी पहिला मोठा संप झाला. त्यात पकडल्या गेलेल्यांत शेख मुजीबुर रहमान नावाचा एक तरुण होता. २१ मार्चला महंमद अली जिना यांनी ढाक्यात येऊन राज्यभाषा उर्दूच राहील असे बजावले. जानेवारी १९५२ मध्ये, तोवर पंतप्रधान झालेल्या नझिमुद्दिन यांनी तेच पुन्हा सांगितले आणि ठिणगी पडली. २१ फेब्रुवारीला जमावबंदी मोडून निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. रफीक, बरकत, जब्बार, सलाम ही नावे बंगाली माणसाच्या ओठावर कायमची बसली.

१९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत मुस्लिम लीगचा पूर्व बंगालात पार धुव्वा उडाला. १९५६ च्या राज्यघटनेत उर्दूबरोबर बंगालीलाही राज्यभाषा म्हणून स्थान मिळाले. जी दुरुस्ती आवाजी मताने उडवून लावली होती, ती आठ वर्षांनी घटनेत येऊन बसली. मध्ये किती रक्त सांडले तो हिशेब वेगळा.

मंत्री आणि कैदी

त्या आठ वर्षांत धीरेंद्रबाबू गप्प बसले नव्हते. १९५४ साली निवडून आलेले मंत्रिमंडळ बरखास्त करून केंद्राने पूर्व बंगालवर गव्हर्नरची राजवट लादली, तेव्हा संविधान सभेत त्यांनी त्याविरुद्ध प्रस्ताव आणला. १९५६ मध्ये अताउर रहमान खान यांच्या मंत्रिमंडळात ते पूर्व पाकिस्तानचे आरोग्य व समाजकल्याण मंत्री झाले. सत्तरीच्या या माणसाने ते खाते दोन वर्षे सांभाळले. ऑक्टोबर १९५८ मध्ये लष्करी कायदा आला आणि सारेच संपले. जनरल अयुबखानांच्या सरकारने जुन्या पुढाऱ्यांना राजकारणातून बाद करणारा एक हुकूम काढला, त्याखाली १९६० साली धीरेंद्रबाबूंनाही बाद ठरवण्यात आले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना घरातच स्थानबद्ध केले गेले. ज्या देशाच्या संविधान सभेचे ते सभासद होते, ज्या प्रांताचे ते मंत्री होते, तिथे त्यांच्या घराबाहेर पहारा बसला. कारण एकच, ते हिंदू होते आणि गेले नव्हते. त्याच युद्धात शत्रुसंपत्तीचा कायदा लागू झाला आणि सीमेपलीकडे गेलेल्या हिंदूंच्या जमिनी सरकारजमा होऊ लागल्या.

अशा वेळी तरी त्यांनी जावे असे कोणालाही वाटले असते. पण ते धर्मसागर तलावाजवळच्या आपल्या घरात राहिले. राजकारण सुटले, माणसे सुटली नाहीत.

मार्च १९७१

१९७० च्या निवडणुकीत शेख मुजीब यांच्या पक्षाला बहुमत मिळाले आणि पश्चिम पाकिस्तानने सत्ता देण्याचे नाकारले. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत सुमारे एक कोटी माणसे हद्द ओलांडून भारतात आली. त्रिपुरासारख्या लहानशा राज्यात तर मूळ वस्तीच्या तोडीस तोड निर्वासित दाखल झाले.

कोमिल्ल्याजवळच मैनामतीला लष्कराची मोठी छावणी होती. धीरेंद्रबाबूंचे वय ८४. पहिल्या दिवसांत निसटायला अवधी होता, सीमाही जवळ होती. ते निघाले नाहीत. २९ मार्चच्या रात्री लष्कराची गाडी दाराशी आली. धीरेंद्रबाबू आणि त्यांचे धाकटे चिरंजीव दिलीपकुमार यांना सैनिक घेऊन गेले. दोघेही परत आले नाहीत. छावणीत काम करणाऱ्या एका न्हाव्याने पुढे साक्ष दिली, त्यातून त्या म्हाताऱ्या माणसाचे तिथे किती हाल केले ते जगाला कळले. दोघांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत.

१६ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेश स्वतंत्र झाला. तो देश पाहायला धीरेंद्रबाबू उरले नव्हते. १९९७ मध्ये बांगलादेश सरकारने त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला. कोमिल्ल्याच्या स्टेडियमलाही पुढे त्यांचे नाव देण्यात आले. पण त्यांचे राहते घर मात्र वर्षानुवर्षे पडझडीत राहिले, ही गोष्टही सांगितली पाहिजे. हुतात्म्यांचे पुतळे उभारणे सोपे असते, त्यांची घरे राखणे कठीण, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

दोन वाटा

नवा देश झाला की लोक तिकडे जातील का? या प्रश्नाचे उत्तर बंगालच्या इतिहासाने एकदा नव्हे, दोनदा दिले आहे आणि दोन्ही वेळा ते सरळ नाही. १९४७ साली बिहार व इतर भागांतून लाखो उर्दूभाषक मुसलमान आपला देश म्हणून पूर्व पाकिस्तानात गेले. १९७१ नंतर तेच तिथे परके ठरले. त्यांतल्या अनेकांनी पाकिस्तानची बाजू घेतली होती. पाकिस्तानने सर्वांना नेले नाही आणि बांगलादेशाने आपले म्हटले नाही. ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या वस्त्यांत त्यांच्या पिढ्या गेल्या. २००८ साली न्यायालयाच्या निकालाने त्यांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. केवळ देशाचे नाव पाहून गेलेल्या माणसांची ही गत झाली. दुसरीकडे १९७१ चे कोटीभर निर्वासित देश स्वतंत्र होताच काही महिन्यांत बव्हंशी परतले, कारण त्यांची घरे, शेते आणि भाषा तिथेच होती. सामान्य माणूस झेंड्यामागे जात नाही, तो चुलीमागे जातो. चूल पेटू दिली नाही तरच तो उठतो.

आपली गोष्ट वेगळी आहे, हे कबूल केलेच पाहिजे. आपल्या दोन्ही बाजूंना एकच देश आहे, एकच घटना आहे. इथे कोणाला पासपोर्ट लागत नाही. १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे आणि १९८६ च्या आंदोलनातले हुतात्मे आपण विसरलेलो नाही. तरीही कोमिल्ल्याच्या छावणीत जे घडले त्याची तुलना आपल्या दुःखाशी करणे बरे नव्हे. सीमावाद १ नोव्हेंबर १९५६ पासून चालत आला आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. निकाल काय लागायचा तो लागेल. पण तोवर, आणि निकालानंतरही, गावात कोण राहणार आहे, हा प्रश्न न्यायालय सोडवू शकत नाही.

आपल्या गावांतून आज माणसे भीतीने नव्हे, पोटासाठी जातात. कोल्हापूर, पुणे, मुंबई, बंगळूर. जाणाऱ्याला दोष नाही. पण राहिलेल्यांनीही मुलांना मराठी शाळेतून काढले, तर सीमा आपल्या घरातूनच जाऊ लागते. चौथीच्या वर्गात सातच पोरे उरली म्हणून शाळा बंद करण्याचा कागद येतो, तेव्हा त्या कागदावर सही सरकारची असते, पण पट आपण कमी केलेला असतो.

धीरेंद्रबाबूंनी जे मागितले ते आपणही मागू शकतो, त्यांच्याच पद्धतीने. आकडे घेऊन, मनीऑर्डरचा कागद हातात धरून, शेजाऱ्याच्या भाषेला नावे न ठेवता. कन्नड ही आपल्या शेजाऱ्याची भाषा आहे, आपल्यापैकी बहुतेकांना ती येते, आणि ती यावी. त्यामुळे मराठीतला कागद मागण्याचा हक्क कमी होत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्याकडे पेढे वाटले गेले. तो आनंद योग्यच आहे. पण धीरेंद्रबाबू असते तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता. पोस्टातला कागद कोणत्या भाषेत आहे?

पुन्हा कधी कोणी जा म्हणाले तर चिडण्याची गरज नाही. कोमिल्ल्याच्या त्या म्हाताऱ्या वकिलाची गोष्ट त्याला सांगावी. वाट समोर असूनही तो गेला नाही, कारण ज्यांच्यासाठी तो बोलत होता ते लोक तिथेच राहत होते.